अण्णांचा सातवा खेळ

अण्णा,

तुमच्या तेराव्याला लोकांनी काकूंना पहिलं काय विचारलं असेल, ओळखा. मसोलीहून आलेले एक गृहस्थ, ज्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं, काकूंसमोर हात जोडून बसले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, तो नवा खेळ कुठवर आला होता हो?" काकूंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. नापास हिनेच केला होता."

म्हणजे तुम्ही गेलात तरी माझी सुटका नाहीच.

आज सोळा दिवस झाले. इतके दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. आता लिहिते आहे त्याला कारण आहे. तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर बसून मी एक खोटं बोलले आहे आणि ते फक्त तुम्हालाच सांगता येण्यासारखं आहे. पण एकदम त्यावर येत नाही. तुम्हालाही सरळ रस्त्याने कुठे जायला आवडायचं नाही.

चौऱ्याऐंशी साली मी तलासरीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि रोज सकाळी डहाणूहून एसटीने जायला लागले. तुम्ही त्याच गाडीत असायचा. जमीन मोजणीचे नकाशे काढायचं तुमचं काम, त्यामुळे खांद्याला नकाशांची पत्र्याची नळी. एक दिवस शेजारी येऊन बसलात आणि ओळख ना पाळख, विचारलंत, "मराठी टायपिंग येतं?" मी म्हटलं, येतं. "चुका किती होतात?" मी म्हटलं, होत नाहीत. तुम्ही मनापासून हसलात. बावीस वर्षांची होते, तोरा भरपूर होता. मग तुम्ही खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलंत. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'तुम्ही डहाणूच्या खाडीवर उभे आहात. पाठीमागून कुणीतरी तुमचं नाव घेऊन हाक मारतं आहे. समोर रिकामी होडी आहे. होडीत बसायचं असेल तर ३१ वर जा. मागे वळून पाहायचं असेल तर ८ वर जा.'

मी म्हटलं, पुढे? तुम्ही म्हणालात, "पुढचं उद्या."

त्या दिवशी कचेरीत मी आयुष्यात पहिल्यांदा टायपिंगच्या चुका केल्या. होडी की मागे वळायचं, एवढंच डोक्यात. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या म्हटलं, होडी. तुम्ही एकतीस नंबरचं कार्ड काढून दिलंत. होडीला तळाशी भोक होतं.

तुमचे खेळ म्हणजे काय ते न खेळलेल्या माणसाला समजावताना माझी पंचाईत व्हायची. कचेरीत विचारायचे, पत्ते असतात का, फासे असतात का? मी सांगायचे, काही नाही, कागद असतात. प्रत्येक परिच्छेदाला नंबर. वाचायचं, काय करायचं ते ठरवायचं आणि सांगितलेल्या नंबरवर जायचं. चुकलात तर खड्ड्यात पडता, बुडता, चकव्यात सापडता, आणि पुन्हा पहिल्यापासून. सोबत अण्णांच्या हातचा नकाशा. एवढंच. एवढ्यावर आपलं अर्धं डहाणू दिवाळीची सुट्टी घालवायची. सुट्टीच्या आदल्या शनिवारी स्टेशनजवळच्या कागदवाल्याकडे सायक्लोस्टाइलचे गठ्ठे यायचे आणि रविवारी दुपारपर्यंत शिल्लक उरायचे नाहीत. मग पंधरा दिवस बाजारात, बँकेत, न्हाव्याकडे एकच विषय. जो खेळाच्या शेवटापर्यंत पोचायचा त्याने कुणाला काही सांगायचं नाही, असा तुमचा नियम. त्याने फक्त तुमच्या ओटीवर येऊन झोपाळ्यावर बसायचं. काकू पाणी आणून द्यायच्या. रस्त्याने जाणारे बघायचे, अरे, बँकेतले कॅशियर झोपाळ्यावर. आणि घरी जाऊन तावातावाने पुन्हा कागद उघडायचे.

दहा वर्षांत तसे सहा खेळ केलेत. सहाही मी टाइप केले, आणि टाइप करायच्या आधी सहाही खेळले. ते माझं खरं काम. रविवारी सकाळी तुम्ही मिठाईच्या जुन्या खोक्यात कार्डं घेऊन यायचात, मी खेळायचे, तुम्ही समोर बसून शेंगा सोलायचात. तोंडावर तुमच्या काही दिसायचं नाही, पण मी चुकीच्या नंबराकडे वळले की तुमच्या पायाची बोटं हलायची. हे माझ्या दुसऱ्या खेळात लक्षात आलं. तिसऱ्यात मी तुमचे पाय बघूनच खेळ संपवला आणि वर सांगितलंही. पुढच्या वर्षी भर एप्रिलमध्ये तुम्ही पायमोजे घालून आलात. काकूंनी विचारलं तर म्हणालात, थंडी वाजते.

तिसऱ्या खेळावरून आठवलं. त्याच खेळात तुम्ही सगळ्यांना बुडवायला निघाला होतात. अमावास्येच्या भर दुपारी खाडी चालत ओलांडायची, असं लिहिलंत. मी टाइप केलं, छापून झालं, गठ्ठे गेले. चौथ्या दिवशी झाईहून लक्ष्मीमावशी तुमच्या दारात. मासळीची पाटी डोक्यावर, मागे मुलगी. मुलगी वाचायची, मावशी खेळायची, हे आपल्याला तोवर माहीत नव्हतं. पाटी न उतरवताच म्हणाली, "अण्णा, अवसंच्या दुपारी पानी गल्यापरत असतं. तुमी मानसां माराल." तुमचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरेना. तीस वर्षं या तालुक्याची इंच इंच जमीन कागदावर उतरवलेला माणूस, पण नकाशातली खाडी निळ्या शाईची, तिला भरती कुठून येणार? तुम्ही माझ्याकडून चाळीस चिठ्ठ्या टाइप करून घेतल्यात, 'भर दुपारी'ऐवजी 'दिवस बुडताना' असे वाचावे, आणि सायकलवरून घरोघरी जाऊन स्वतः दिल्यात. एका घरी म्हणे तो माणूस आधीच खाडीपलीकडे पोचला होता. त्याला तुम्ही परत यायला लावलंत. 'तू मेला आहेस,' असं सांगितलंत त्याला, त्याच्या बायकोसमोर.

हे सगळं आठवलं की वाटतं, किती हसलो आपण. मग चार वर्षांपूर्वीचा तो रविवार आठवतो.

सहाव्या खेळाला तेव्हा थोडे कमी लोक मिळाले होते. मसोलीत व्हिडिओ गेमचं दुकान निघालं होतं. तिथल्या मशीनवर गोळ्या झाडायला गर्दी आणि कागदवाल्याकडे गठ्ठे आठवडाभर पडून. तुम्ही बोलून दाखवलं नाही, पण एकदा त्या दुकानाबाहेर तुम्हाला उभं राहून आत बघताना मी पाहिलं होतं. पुढच्या खेळाला तुम्ही जास्त वेळ घेतलात. सगळं गाव वाट बघत होतं. सातवा खेळ मोठा असणार, तालुकाभर पसरलेला असणार, अशी हवा झाली होती. आणि मग तुम्ही खोकं घेऊन आलात.

मी पाऊण तासात शेवटाला पोचले. पाऊण तासात, अण्णा. एकदाही मेले नाही. चुकीकडे वळले की पुढच्याच कार्डावर 'परत जा, दुसरा रस्ता बघ' असं कुणीतरी येऊन सांगायचं. म्हातारा यायचा, पोपट यायचा, एकदा तर पाटीच लावलेली. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कठडा. मी शेवटचं कार्ड खाली ठेवलं. काकूंनी पाठवलेल्या चिवड्याचा डबा मध्ये, तुमच्या हातात मी केलेला चहा. आणि मी म्हटलं, "अण्णा, हा खेळ तुमचा नाही. त्या दुकानातल्या मशीनला घाबरून लिहिलाय हा."

तुम्ही कप खाली ठेवलात. कार्डं गोळा केलीत, नंबरवार लावलीत, मोजलीत, खोक्यात भरलीत. "बरं," म्हणालात. चहा तसाच राहिला.

दोन महिने तुम्ही गाडीत मागच्या बाकावर बसायचात. मीही मान वळवून पाहिलं नाही. माझंच चुकलं म्हणून जावं, असं रोज वाटायचं आणि रोज वाटायचं, का म्हणून? खोटं का बोललं असतं मी? मग एक दिवस तुम्हीच पुढे येऊन बसलात आणि कंडक्टरला म्हणालात, "परीक्षकबाईंच्या शेजारी बसतो बाबा, वरच्या वर्गात घालतील तर बघू." मी हसले. तुम्ही हसलात. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. ही आपली चूक झाली. भांडण मिटलं पण संपलं नाही.

त्यानंतर चार दिवाळ्या गेल्या. नवा खेळ आला नाही. कुणी विचारलं की तुम्ही माझ्याकडे हात करायचात. "बाईंनी नापास केलाय. फेरपरीक्षेचा अभ्यास चालू आहे." तुम्हाला गंमत वाटायची, मला बाजारातून चालणं मुश्कील झालं. न्हावी विचारायचा, पोस्टमन विचारायचा. लक्ष्मीमावशीने तर मला चांगली मासळी देणंच बंद केलं. "तुज्यापायी आमचा खेल राह्यला. तुला आज पापलेट नाय. बोंबील घे गपचूप." मी बोंबील घेऊन यायचे आणि तळताना तुम्हाला मनातल्या मनात चार शब्द ऐकवायचे. नंतर नंतर मात्र भीती वाटायला लागली. तुम्ही निवृत्त झालात, केस पांढरे झाले, जिना चढताना थांबायला लागलात. मला वाटायचं, या माणसाच्या हातून मी त्याची दिवाळी काढून घेतली. तो सोपा तर सोपा, छापला असता तर काय बिघडलं असतं? शनिवारी गठ्ठे आले असते, कुणीतरी झोपाळ्यावर येऊन बसलं असतं, तुम्ही खुश झाला असतात. माझ्या एका वाक्यापायी तुम्ही पेन खाली ठेवलंत असं मी धरून चालले होते. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला पहिलं तेच सुचलं. रडू नंतर आलं.

आणि आता तेराव्याचं ऐका.

जेवणं आटोपली होती. बरेचसे लोक गेले होते. ओटीवर आम्ही चार-पाच जणी बसलो होतो, तेवढ्यात अच्छाडचे मगनभाई आले. चेकपोस्टजवळ ढाबा आहे त्यांचा. तुम्ही तिकडे मोजणीला गेलात की जेवायला जायचात, एवढंच मला माहीत होतं. काकूंना नमस्कार केला आणि माझ्यासमोर येऊन बसले. सदऱ्याच्या खिशातून घडी केलेले कागद काढले. "बेन, हे आता तुमच्याकडेच देऊ ने? अण्णा बोलले होते, छापायच्या टायमाला परत घेईन."

अक्षर तुमचं होतं. वर नंबर होता १०१. खाली, 'तुम्ही अच्छाडच्या नाक्यावर उभे आहात. तीन ट्रक ओळीने थांबले आहेत.'

मी विचारलं, हे कधी दिलं? म्हणाले, तीन वरस थयां. म्हणजे तीन वर्षं. "मी चार वेळा खेळलो. चुकलो तिथे त्यांनी परत लिहिला. बोलले, सुलभाबेनला सांगायचा नाय."

मी मान वर केली तर लक्ष्मीमावशी दुसरीकडे बघत होती. मला त्या बघण्याचीच शंका आली. म्हटलं, मावशी? मावशीने कमरेची पिशवी सोडली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. नंबर १ ते ६४. झाईच्या बंदरावरून सुरू होणारे. चार वर्षं ही बाई मला 'तुज्यापायी खेल राह्यला' म्हणून बोंबील देत होती आणि तिच्या कमरेला तुमचा खेळ होता.

"अण्णांनी शपत घातलेली," ती म्हणाली. "मी काय करू?"

सगळ्यात कोपऱ्यात लखमादादा उभे होते. मोजणीच्या वेळी तुमच्याबरोबर साखळी धरायला यायचे ते, तलासरीजवळच्या पाड्यावरचे. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. मगनभाईंनी विचारलं, तुमच्याकडे नाही का काही? लखमादादा म्हणाले, "मना वाचता नाय ये. अण्णांनी तोंडी सांगला. मी डोक्यात ठेवला." आणि भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून त्यांनी सांगायला सुरुवात केली. दोनशे एक. डोंगरातून दोन ओहळ उतरतात. त्यांच्या बोलीत, पण नंबर नंबराच्या जागी, दोन रस्ते दोन रस्त्यांच्या जागी. दोनशे एकपासून दोनशे अठ्ठावन्नपर्यंत. कुठे अडखळले नाहीत. मी काकूंकडून हिशेबाची वही मागून घेतली आणि लिहीत सुटले. इतक्या वेगाने मी कधी काही उतरवून घेतलं नव्हतं.

अण्णा, काय खेळ केलाय तुम्ही. सांगून टाकते, कारण हे तुम्हाला तोंडावर सांगायला मिळालं नाही. तीन रस्ते, समुद्राकडून, हमरस्त्याकडून, डोंगराकडून. नाक्यावरच्या तीन ट्रकांपैकी डोंगरातून आलेला कुठला ते चाकांना लागलेल्या मातीवरून ओळखायचं. ते मगनभाई झोपेत सांगतील, मी दोनदा चुकले. ओहळांपैकी शिमग्याच्या दिवसांत जो आटलेला असतो त्यातून जायचं, कारण वाळूत पुढे गेलेल्या माणसाची पावलं राहतात. वाहत्या पाण्यात काही राहत नाही. ते मावशीला सुचेना. आणि झाईला अष्टमीची खाडी. मगनभाई पाणी पूर्ण उतरायची वाट बघत बसले आणि मेले. मावशी म्हणाली, "आठमीला पानी धड येत नाय, धड जात नाय. वाट काय बघतास?" या वेळी भरती चुकली नव्हती. तुम्ही चार वर्षं हिंडत होतात. ढाब्यावर, बंदरावर, पाड्यावर. त्यांना जे ठाऊक आहे ते विचारत होतात, त्यातून कोडी बांधत होतात, त्यांच्यावरच करून बघत होतात. आणि कठडा कुठेही नाही. म्हातारा नाही, पोपट नाही.

पेन तुम्ही खाली ठेवलंच नव्हतं. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो कसा सांगू? आणि लगेच रागही आला. तालुक्यात सगळ्यांवर करून बघितलात, एक मी सोडून. दहा वर्षं माझ्यासमोर शेंगा सोलत बसणारा माणूस. अर्थात कळतं मला. मला पुरा झालेलाच दाखवायचा होता तुम्हाला. माझ्यासमोर पुन्हा अर्धं खोकं घेऊन यायचं नव्हतं. एवढं लागलं होतं तर, ते वाक्य.

तर तिथे, तुमच्या तेराव्याच्या दिवशी, तुमच्या ओटीवर ही माणसं खेळायला बसली. आपापला रस्ता सोडून एकमेकांचा, कागद मी वाचून दाखवत होते. मगनभाई मरत होते, मावशी हसत होती, लखमादादा पुन्हा पुन्हा विचारत होते, "मग ट्रकवाला काय बोलला?" आवाज इतका वाढला की काकू आतून आल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी उभ्या उभ्या थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "मला म्हणाले होते, सगळं वाटून टाकलंय, आता नुसतं गोळा करायचं. मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी बोलतात." आणि चहा टाकायला गेल्या.

तिन्ही रस्ते एका दरवाजापाशी येतात. तिन्हींचं शेवटचं वाक्य एकच आहे, 'दरवाजा उघडतो. ३०० वर जा.'

तीनशे मगनभाईंकडे नव्हता. मावशीकडे नव्हता. लखमादादांनी मान हलवली. काकूंनी तुमचं कपाट उघडून दाखवलं; मोठा नकाशा होता, रंग भरून पूर्ण केलेला, दुसरं काही नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी साध्या नजरेने, शंका न घेता. शेवट सुलभाकडे असणार, दुसऱ्या कुणाकडे असणार? मावशी म्हणाली, "दे आता. किती लपवशील?"

मी म्हटलं, "घरी आहे. टाइप करून रविवारी देते."

हेच ते खोटं.

का बोलले? त्या क्षणी 'नाही' हा शब्द तोंडातून बाहेर पडेना. तो बोलले असते तर सातवा खेळ तिथेच संपला असता, तुमच्यासकट. तेव्हापासून मी एकच गोष्ट घोकते आहे. जाण्याच्या आधी तीन आठवडे तुम्ही माझ्याकडे आला होतात. मांडीवर कापडी पिशवी होती. मी मुलीच्या शाळेच्या गणवेशाला बटणं लावत होते आणि वैतागलेली होते. चहा घेतलात, कचेरीचं विचारलंत, गुडघ्यांचं सांगितलंत. पिशवीवर दोनदा हात फिरवलात. मी विचारलं नाही, काय आहे म्हणून. तुम्ही उठलात, चपला घातल्यात आणि म्हणालात, "येतो पुन्हा. तुला सवड असेल तेव्हा." त्या पिशवीत तीनशे होता का? की नुसती भाजी होती? काकूंना विचारलं, पिशवी रिकामी सापडली. कदाचित तो तुम्ही लिहिलाच नव्हता. कदाचित तो मी लिहावा असंच तुमच्या मनात होतं. हे मला बरं वाटावं म्हणून मी म्हणते आहे, हेही मला कळतं.

काल आणि परवा मिळून मी सहा वेळा तीनशे लिहिला आणि सहाही वेळा फाडला. पहिल्यात दरवाजामागे खजिना होता; तुम्ही खजिना कधीच ठेवला नसता. दुसऱ्यात तुम्हीच होतात; ते वाचून मलाच लाज वाटली. तिसऱ्यानंतर मला एक गोष्ट कळली, आणि ती सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप. प्रत्येक वेळी मी शेवट सोपा करत होते. कारण मला वाटत होतं, मावशी पोचावी. लखमादादांनी कुणाकडून तरी वाचून घेतला तरी ते पोचावेत. मगनभाई एकदा तरी न मरता आत यावेत. कुणी दाराबाहेर राहू नये. लिहिताना माझ्यासमोर ही तीन तोंडं होती आणि माझा हात आपोआप कठडे बांधत होता.

त्या रविवारी तुम्ही घाबरून तसं लिहिलं नव्हतं. मसोलीच्या त्या दुकानाबाहेर उभे होतात तेव्हाही तुम्ही मशीन बघत नव्हतात, आतली तोंडं बघत होतात. माणसं आत यावीत म्हणून तसं लिहिलं होतंत तुम्ही. खेळ सोपा होता हे मी अजूनही म्हणेन. ते मागे घेत नाही, तुम्हालाही आवडणार नाही. पण घाबरलात असं म्हणाले ते चूक होतं. ते मागे घेते. चार वर्षं उशीर झाला, आणि ऐकायला तुम्ही नाही. माफ करा, अण्णा.

सातव्यांदा लिहिला तो आज दुपारी झाला. चांगला आहे की नाही ते माहीत नाही. दरवाजामागे काय आहे ते इथे सांगणार नाही, नियम तुमचाच. एवढंच सांगते, तिघांपैकी एकट्याला तिथून पुढे जाता येणार नाही. मावशीला ट्रकवाला लागेल, मगनभाईंना ओहळ लागेल. आणि तिघांनी मिळून एक चूक केली तर तिघंही मरतात. मी स्टेन्सिल कापली आहे. एकही चूक नाही.

सकाळी मावशी दारावर येऊन गेली. आज पापलेट दिलं, निवडून. जाताना म्हणाली, "शेवट अण्णांसारका नसंल तर मी तोंडावर सांगीन हां. मना नाय जमत गोड बोलाया." मी म्हटलं, सांग.

आज शुक्रवार. परवा सकाळी दहाला तिघं माझ्याकडे येतील. मगनभाई कागद वाचून दाखवतील आणि मी समोर बसलेली असेन, काही न बोलता, त्यांच्या तोंडाकडे बघत. दुपारपासून स्टेन्सिल चार वेळा तपासली. जेवण गेलं नाही. तुम्ही दर वेळी खोकं घेऊन माझ्या दारात यायचात तेव्हा तुम्हालाही असंच व्हायचं का? इतक्या वर्षांत मी हे एकदाही विचारलं नाही.